स्वीडनमधला पोस्टडॉक: सरकारी नोकरीची जाहिरात वाचता आली पाहिजे

थिसिस जमा झाला की आपल्याकडच्या लॅबमध्ये परदेशी पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या कामासाठी, मेल पाठवण्याचा सपाटा सुरू होतो. ज्या प्राध्यापकाचे पेपर वाचले त्यांना मेल, ज्यांचं फक्त नाव ऐकलंय त्यांनाही मेल. माझी पीएचडी ज्वारीच्या मुळांवर होती. दोन महिन्यांत मी एकट्या स्वीडनला चाळीसेक मेल केले. उत्तरं थोडी आली, आणि आली तीही जवळपास एकाच ओळीची: आमच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. मला वाटलं, टाळताहेत. ते टाळत नव्हते, खरं तेच सांगत होते. हे समजायला मला जवळजवळ वर्ष लागलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

स्वीडनमधली बहुतेक विद्यापीठं सरकारी आहेत, आणि ती फक्त सरकारी पैशावर चालतात एवढाच याचा अर्थ नाही. १४७७ सालचं उप्साला, १६६६ सालचं लुंड, स्टॉकहोमचं तंत्रज्ञान विद्यापीठ केटीएच, वैद्यकीय संशोधनाचं कॅरोलिन्स्का, उत्तरेतलं उमेओ, शेती आणि जंगलांचं एसएलयू ही सगळी कायद्याने सरकारी कार्यालयंच आहेत. तिथला पोस्टडॉक हा सरकारी कर्मचारी असतो. सरकारी नेमणूक गुणवत्ता आणि पात्रता यांसारख्या वस्तुनिष्ठ निकषांवरच व्हावी, असं तिथल्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे. म्हणून प्राध्यापकाला तुम्ही कितीही आवडलात तरी तो उठून तुम्हाला नोकरी देऊ शकत नाही. जागा जाहीर करायची, मुदत द्यायची, आलेले अर्ज निकषांवर तपासायचे आणि मगच निवड करायची, असा तो रस्ता आहे. गोथेनबर्गचं चाल्मर्स आणि योनशॉपिंगचं विद्यापीठ या संस्था प्रतिष्ठानांच्या मालकीच्या आहेत, त्यामुळे त्यांचे काही नियम वेगळे. पण अर्ज करणाऱ्याला रोजच्या व्यवहारात फार फरक जाणवत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कुणी ना कुणी एमपीएससीची किंवा झेडपीची जाहिरात ओळीओळीने वाचलेली असते. पात्रता काय, प्राधान्य कशाला, वयाची अट कोणत्या तारखेला मोजायची हे आपल्याला शिकवावं लागत नाही. स्वीडनच्या पोस्टडॉकची जाहिरात नेमकी तशीच वाचायची असते. पण ती इंग्रजीत, छान छायाचित्रांसह, ‘आमच्या गटात या’ अशा गोड भाषेत समोर येते आणि आपण ती आमंत्रणासारखी वाचतो.

जाहिरातीत सुरुवातीला प्रकल्पाची माहिती असते. ती वाचायला सगळ्यांना आवडते. खरा मजकूर त्याच्या खाली असतो. पहिला भाग पात्रतेचा, म्हणजे हे नसेल तर अर्ज बाजूला. दुसरा भाग असतो निवडीच्या निकषांचा, आणि त्यातही ‘असल्यास चांगलं’ अशा गोष्टी वेगळ्या दिलेल्या असतात. स्वीडिशमध्ये त्यांना ‘मेरितेरांदे’ म्हणतात. निवड करणाऱ्यांना शेवटी आपला निर्णय याच भागावर बोट ठेवून कागदावर मांडावा लागतो. जाहिरातीत नसलेल्या गोष्टीवरून एखाद्याला वर काढणं त्यांना अवघड जातं, कारण बहुतेक विद्यापीठांत या नेमणुकीविरुद्ध अपील करता येतं. निवडीची नोटीस लागली की तीन आठवड्यांची मुदत, आणि अपील ऐकायला उच्च शिक्षणासाठी वेगळं मंडळ.

यावरून अर्जाचं पत्र कसं लिहायचं ते आपोआप ठरतं. निकष जितके, तितकी उत्तरं. ‘सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांचं विश्लेषण करण्याचा अनुभव’ असं लिहिलं असेल, तर कोणतं सॉफ्टवेअर वापरलं, किती नमुने मोजले, त्यातून कोणता पेपर निघाला हे दोन वाक्यांत सांगायचं. मी ते काम तीन वर्षं केलं होतं. पण पहिल्या अर्जात माझ्या सीव्हीत त्याबद्दल एकच शब्द होता, आणि पत्राचं पहिलं अख्खं पान मला लहानपणापासून विज्ञानाची किती आवड आहे यावर खर्च झालं होतं. अर्ज नाकारला गेला. त्याची गोष्ट शेवटी सांगते.

आता तीन वर्षांची अट. आपल्या मुलांना सगळ्यात जास्त अडवते ती हीच. सरकारी विद्यापीठांत पोस्टडॉक नावाच्या नेमणुकीसाठी कर्मचारी संघटना आणि सरकारी नियोक्ता यांच्यात करार झालेला आहे. १ फेब्रुवारी २०२२ पासून लागू असलेल्या करारानुसार ही नोकरी कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. त्याआधी दोन वर्षं हीच कमाल मर्यादा होती. अर्जाच्या शेवटच्या तारखेला ज्यांची पीएचडी तीन वर्षांपेक्षा जुनी नाही, अशांना आधी विचारात घ्यावं, असं त्यात म्हटलं आहे. मधल्या काळात बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा, आजारपण, डॉक्टर असाल तर रुग्णालयातली सेवा अशी कारणं असतील तर तो काळ धरला जात नाही. मात्र तसं तुम्हाला स्वतः लिहावं लागतं, तारखांसह. लग्नानंतर, मूल झाल्यावर दोन वर्षं घरी राहिलेल्या कितीतरी हुशार मुली ‘माझी मुदत गेली’ म्हणून अर्जच करत नाहीत. त्यातल्या अनेकींना या कलमाचा आधार मिळू शकतो. ताई, आधी विचारा. जाहिरातीत एचआरच्या माणसाचं नाव दिलेलं असतं ते त्यासाठीच.

दुसरी अडचण अगदी उलट्या टोकाची आहे. नेमणुकीचा निर्णय होईल त्या वेळी पीएचडी पूर्ण झालेली लागते. अर्ज करताना पदवी हातात नसली तरी बहुतेक जाहिरातींना चालतं. पण आपल्या विद्यापीठांत थिसिस जमा केल्यापासून व्हायवापर्यंत, म्हणजे तोंडी परीक्षेपर्यंत, बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल येण्यात महिनेच्या महिने जातात. तिकडे ‘थिसिस सबमिट केला आहे’ याला काही वजन नाही. व्हायवा झाल्यानंतरचं विद्यापीठाचं नोटिफिकेशन आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट मात्र उपयोगी पडतं. कॉन्व्होकेशनची वाट पाहू नका. परीक्षा विभागाच्या खिडकीवर जाऊन ते दोन कागद आधी मिळवा. अर्जात व्हायवाची अपेक्षित तारीख स्पष्ट लिहा आणि गाईडकडून तसं पत्र घ्या.

जाहिराती सापडतात कुठे? पहिलं ठिकाण म्हणजे प्रत्येक विद्यापीठाचं स्वतःचं नोकऱ्यांचं पान, कारण जागा तिथे लागतेच. त्याखेरीज युरोपीय आयोगाचं युराक्सेस आणि स्टॉकहोमहून चालणारं अकॅडमिक पोझिशन्स ही संकेतस्थळं. मुदत बहुतेक वेळा तीन आठवड्यांच्या आसपास असते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी पाहायचंच. अर्ज विद्यापीठाच्या ऑनलाइन यंत्रणेतूनच जातो. प्राध्यापकाला मेलने पाठवलेला सीव्ही म्हणजे अर्ज नव्हे.

पण जाहिरात लागण्याआधीच ती कुठे लागणार याचा अंदाज बांधता येतो, आणि ही युक्ती मला कुणीच सांगितली नव्हती. पोस्टडॉकचा पगार बहुतेक वेळा प्राध्यापकाच्या ग्रँटमधून, म्हणजे त्याला संशोधनासाठी मिळालेल्या निधीतून येतो. संशोधनाला पैसे देण्याचं आपल्या सीएसआयआर, डीएसटीसारखं काम तिथे वेतेन्स्काप्सरोदेत, फोर्मास, फोर्टे या संस्था करतात. सोबतीला १९१७ पासूनचं क्नुत आणि अलीस वालेनबेरी प्रतिष्ठान आहे, ज्याच्या पैशावर कृत्रिम बुद्धिमत्ता, जीवविज्ञानातला डेटा आणि शाश्वत पदार्थविज्ञान यांचे मोठे राष्ट्रीय कार्यक्रम चालतात. कुणाला कशासाठी किती पैसे मिळाले हे ‘स्वेक्रिस’ नावाच्या खुल्या डेटाबेसमध्ये पाहता येतं. आपल्या विषयाचा शब्द टाकायचा, गेल्या वर्षभरात मंजूर झालेले प्रकल्प पाहायचे. ज्याला नुकतीच चार वर्षांची ग्रँट मिळाली आहे, त्याला माणसं लागणारच. वेतेन्स्काप्सरोदेतचे मोठे निकाल साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागतात, म्हणून हिवाळ्यापासून वसंतापर्यंत डोळे उघडे ठेवा.

मेलचा खरा उपयोग इथे होतो. ‘सर, मला तुमच्या लॅबमध्ये जागा द्या’ असं लिहिण्यात अर्थ नाही, कारण जागा देणं त्यांच्या हातात नाही. ‘तुमच्या नव्या प्रकल्पातल्या या भागावर मी हे काम केलं आहे, त्यासाठी जागा जाहीर होणार आहे का?’ असं विचारलं तर उत्तर येतं. सहा-सात ओळी पुरतात. आणि ‘रिस्पेक्टेड सर’ नको. स्वीडिशमध्येही आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखे ‘दू’ आणि ‘नी’ हे शब्द आहेत. १९६७ साली ब्रूर रेक्सेद हे सरकारच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख झाले आणि सगळ्यांना ‘दू’च म्हणणार असं त्यांनी जाहीर केलं. तेव्हापासून ती सवय देशभर पक्की झाली. आज तिथली पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीसुद्धा प्राध्यापकाला नावाने हाक मारते. पहिल्या मेलला ‘डिअर प्रोफेसर’ आणि आडनाव ठीक आहे. त्यांनी नुसत्या नावाने सही केली की पुढच्या मेलला तुम्हीही नावाने लिहा. मला हे करताना खूप अवघडल्यासारखं व्हायचं, पण त्यात अनादर नाही.

जुलैत मेल करू नका. उन्हाळ्यात सलग चार आठवडे रजा घेण्याचा तिथे कायदेशीर हक्क आहे, आणि लोक तो वापरतात. पूर्ण विभाग रिकामे असतात. उत्तर नाही आलं म्हणून खचू नका, ऑगस्टच्या मध्यानंतर पुन्हा लिहा.

स्वतःची फेलोशिप घेऊन जायचं असेल तर युरोपीय संघाची मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिप मोठी. त्याची मुदत साधारण सप्टेंबरमध्ये असते, पण यजमान प्राध्यापकाशी बोलणं वसंतातच सुरू करावं लागतं. मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ स्वीडनमध्ये राहिला असाल तर स्वीडनसाठी अर्ज करता येत नाही. म्हणजे थेट भारतातून जाणाऱ्यांना हा नियम अनुकूलच आहे. वेनर-ग्रेन आणि कार्ल ट्रिगर या प्रतिष्ठानांकडे मात्र अर्ज तुम्ही करत नाही, तिथला यजमान करतो. आणि वेतेन्स्काप्सरोदेतची ‘इंटरनॅशनल पोस्टडॉक’ नावाची जी ग्रँट दिसते ती आपल्यासाठी नाही. स्वीडनमध्ये पीएचडी केलेल्यांनी बाहेरच्या देशात जावं म्हणून ती आहे. नाव वाचून माझ्या ओळखीच्या दोघांनी आठवडा घालवला होता.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे माणसं फसतात. पोस्टडॉक दोन तऱ्हेचा असतो: नोकरीवरचा आणि स्टायपेंडवरचा. नोकरीवर पगार मिळतो, त्यावर कर कापला जातो, पेन्शन जमा होतं, आजारी पडलं तर पगार मिळतो, मूल झालं तर पगाराच्या प्रमाणात पालकत्वाचा भत्ता मिळतो. एका मुलामागे आईवडील दोघांना मिळून ४८० दिवस. स्टायपेंडवर कर नाही, म्हणून हातात पडणारी रक्कम बऱ्यापैकी वाटते. पण स्टायपेंड हे उत्पन्न धरलं जात नाही. त्यामुळे पेन्शन नाही, आजारपणातला भत्ता नाही, आणि बाळंतपणात पगारावर मोजलेला भत्ता मिळत नाही. वयाच्या तिशीत, घर वसवण्याच्या काळात हा फरक फार मोठा आहे. अनेक विद्यापीठांनी स्टायपेंड कमी केले आहेत, तरी काही प्रतिष्ठानांचा पैसा अजूनही त्याच रूपात येतो. ते घेऊच नका असं मी म्हणणार नाही. चांगली लॅब असेल तर घ्या, पण विमा कोण काढणार, तो कशाकशासाठी आहे आणि दुसऱ्या वर्षी नोकरीत बदल होईल का, हे लेखी विचारून घ्या.

पगार जाहिरातीत बहुधा लिहिलेला नसतो. ‘वैयक्तिक पगार’ एवढंच असतं. बहुतेक विषयांत तो करापूर्वी महिन्याला ४० हजार क्रोनरच्या थोडा अलीकडे-पलीकडे असतो, आणि हातात ३० हजारांच्या आसपास येतात. तो ठरवण्याची वेळ एकच, सही करण्याआधीची. सरकारी पगार ही तिथे सार्वजनिक माहिती आहे, म्हणून ‘या विभागात नव्या पोस्टडॉकना किती मिळतं?’ हे एचआरला सरळ विचारता येतं. जाहिरातीच्या तळाशी कर्मचारी संघटनांच्या प्रतिनिधींची नावं असतात. विद्यापीठातल्या शिक्षक-संशोधकांची संघटना सुल्फ ही त्यातली एक. सरकारी नोकरीत वार्षिक रजा तिशीच्या आत २८ दिवस, तिशीनंतर ३१ आणि चाळिशीनंतर ३५. शिकवण्याचं काम दिलं तर ते एक पंचमांश वेळेपेक्षा जास्त नसावं, असंही करारात आहे.

मुलाखत बहुधा झूमवर होते. पंधरा-वीस मिनिटं स्वतःचं काम मांडायचं, मग प्रश्न. ‘गाईडशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत?’ असा प्रश्न आला तर ‘कधीच झाला नाही’ हे उत्तर तिथे चांगलं मानत नाहीत. मतभेद सांगा, तो कसा सोडवला ते सांगा. गटातल्या विद्यार्थ्यांशी वेगळं बोलायला मिळेल का, हे तुम्हीही विचारा. विचारल्याने कुणी नाराज होत नाही. शिफारसपत्रं आधी मागण्यापेक्षा नावं आणि फोन नंबर घेऊन ते नंतर स्वतः फोन करतात, तेव्हा तुमच्या गाईडना कल्पना देऊन ठेवा.

निवड झाली की विद्यापीठाबरोबर ‘होस्टिंग अ‍ॅग्रीमेंट’ होतं आणि त्याच्या आधारावर संशोधकाच्या निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. जोडीदार आणि मुलांचा अर्ज सोबतच करता येतो, आणि जोडीदाराला तिथे नोकरी करता येते. पासपोर्टची मुदत संपते त्या तारखेपुढचा परवाना मिळत नाही. दोन वर्षांचा करार आणि पासपोर्टला उरलेत चौदा महिने, अशी स्थिती असेल तर अर्ज करण्याआधीच पासपोर्ट नवा करून घ्या. वर्षभर किंवा त्याहून जास्त राहणार असाल तर तिथे पोचल्यावर कर खात्यात नोंद करून ‘पर्सननुम्मर’ हा ओळख क्रमांक मिळतो. तो हाती येईपर्यंत बँक, फोन, दवाखाना, सगळंच रडतखडत चालतं, म्हणून पहिल्या महिन्या-दोन महिन्यांपुरते पैसे जवळ असू द्या. घर मिळणं स्टॉकहोम, उप्साला, लुंड इथे कठीणच. पहिल्या हाताच्या भाडेकरारासाठी वर्षानुवर्षांची रांग असते, म्हणून नवखे लोक ‘आंद्राहांद’, म्हणजे मूळ भाडेकरूकडून किंवा मालकाकडून, ठरावीक मुदतीसाठी घेतात. पाहुण्या संशोधकांसाठी विद्यापीठाची घरं असतात का, हे करारावर सही करतानाच विचारा. विद्यार्थी येतात त्या ऑगस्ट-सप्टेंबरात रुजू होणं शक्य तो टाळा.

कराराची मुदत संपताना प्राध्यापक ‘पुढे ठेवायचं आहे, पण जमत नाही’ असं म्हणाले तर ते बहुतेक वेळा खरं असतं. मुदतीच्या नोकऱ्या ठरावीक काळापलीकडे वाढवत नेल्या की कायद्याने त्या कायम होतात. २०२२ पासून ही मर्यादा काही प्रकारच्या नोकऱ्यांना वर्षभरावर आली आहे. कायम पगाराची हमी ग्रँटवर देता येत नाही, म्हणून विभाग हात आखडता घेतात. तिसऱ्या वर्षाची बोलणी पहिल्या वर्षाच्या शेवटीच सुरू करा.

आणि आता ती नाकारलेल्या अर्जाची गोष्ट. स्वीडनमध्ये १७६६ सालापासून कायदा आहे की सरकारी कागद कुणालाही पाहता यावेत. आपला माहितीचा अधिकार २००५ चा. विद्यापीठ सरकारी, म्हणून तिथे आलेला नोकरीचा अर्जही सार्वजनिक कागद ठरतो. यासाठीच सीव्हीत आधार, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख घालू नका, आणि प्रसिद्ध न केलेली कल्पना सविस्तर उघड करू नका. हे मला तिथल्या एका मराठी सीनियरने सांगितलं, आणि म्हणाली, मग तूही मागव की. मी विद्यापीठाच्या नोंदणी कक्षाला जाहिरातीचा क्रमांक टाकून दोन ओळींचा मेल केला: निवड झालेल्या उमेदवाराचा अर्ज पाठवावा. कशासाठी हवाय, असं कुणीही विचारलं नाही. काही दिवसांत पीडीएफ आली.

त्या व्यक्तीचे पेपर माझ्याइतकेच होते. पत्र दीड पानाचं होतं. जाहिरातीत सहा निकष होते, आणि पत्रात सहा परिच्छेद, त्याच क्रमाने. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पेन्सिलने एकेक निकष आणि त्याचं उत्तर जोडत गेले. मग माझं पत्र काढलं आणि तेच करून पाहिलं. सहापैकी दोनच रेघा ओढता आल्या. पुढच्या जाहिरातीची मुदत अकरा दिवसांवर होती. त्या रात्री मी पहिलं पान पूर्ण खोडलं आणि पहिल्या निकषापासून लिहायला बसले.